सहाव्या धड्यातली खर्र

४ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. गेल्या आठवड्यात तुला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा तू "हं, हं, बरं" करून ठेवून दिलास. शेवटच्या फोनला मी विचारलं होतं, "जेवलास का?" त्यावर तू म्हणालास, "मंगळवारी या." म्हणून आता पत्र लिहितेय. मोबाइलवरचे निरोप तू उघडत नाहीस, निदान पाकीट तरी फोडशील.

आईने सगळं सांगितलं. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलास, उजवा कान कामातून गेलाय, डावा अर्धा शिल्लक आहे. हा 'अर्धा' डॉक्टरांचा की तुझा, ते मात्र तिला सांगता आलं नाही. आणि म्हणे तू तिला म्हणालास, कान गेले की दुकानाला कुलूप. मामा, पस्तीस वर्षं तू शिलाई मशीन नुसत्या आवाजावरून ओळखतोयस. लोक मशीन उंबऱ्यातून आत आणतात, तू एकदा चाक फिरवतोस, मान तिरकी करून ऐकतोस आणि न उघडता सांगतोस काय बिघडलंय. हे दुसऱ्या कुणाला येतं? आणि तू कुलपाच्या गोष्टी करतोस.

तर मी ऑफिसात तीन महिन्यांची बिनपगारी रजा टाकलीय. आपण तुझा ऑनलाइन कोर्स काढायचा. तो कसा काढायचा हे शिकवणारा एक कोर्स मी विकत घेतलाय. शिकवणारा माणूस म्हणतो, शनिवार-रविवारात काम होतं, आणि एकदा लावून दिला की आपण झोपलो तरी विकला जातो. तुझे कान शाबूत आहेत तोवर सगळं टिपून ठेवू. पुढे कान राहोत की जावोत, तुझी विद्या राहील. घरबसल्या चार पैसे आले तर तेही काही वाईट नाही.

नाही म्हणू नकोस. रजा मंजूर झालीय.

तुझी टकळी


११ जानेवारी

प्रिय टकळी,

अनेक आशीर्वाद. तुझी टकळी कागदावरही तितक्याच जोरात फिरते हे बघून बरं वाटलं.

फोनवर तू काय बोललीस ते मला व्यवस्थित कळलं होतं, घाईत होतो एवढंच. डावा कान ठणठणीत आहे. डॉक्टरांना घाबरवायचेच पैसे मिळतात.

आता तुझ्या त्या माणसाबद्दल. तो कोर्स विकतो, की कोर्स कसा विकायचा तेवढंच विकतो? म्हणजे त्याने तुला मामा बनवलं. आपल्या घरात मामा मी आहे, ते पद तू कशाला घेतेस? आणि झोपेवर चालणारा धंदा मला एकच माहीत आहे, गादीवाल्याचा. तो माझ्या समोरच राहतो आणि दिवसभर कापूस पिंजून खोकतो.

शिकवायला मास्तर लागतो, बाई. मी सातवीत शाळेला रामराम ठोकला. कॅमेऱ्यासमोर बसलो तर लोक म्हणतील, हा कोण टिकोजीराव लागून गेला. शिवाय सगळं सांगून बसलो तर माझ्याकडे मशीन घेऊन येणार कोण? हे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं.

एवढं लिहिलं आणि पत्र दोन दिवस तसंच ठेवलं, कारण एक गोष्ट मनातून जाईना. माझ्या उस्तादाने मला एकेक आवाज शिकवला. तेल सुकल्याची चिर्र वेगळी, सुई वाकून पत्र्याला टेकते ती टिकटिक वेगळी, शटलात दोरा गुंतल्याची खर्र वेगळी. शटल म्हणजे खालची ती वाटी, जिच्यात बॉबिन बसते. मशीनला हात लावायच्या आधी दुखणं सांगता आलं पाहिजे असा त्याचा दंडक होता. हात लावून सांगणाऱ्याला तो हमाल म्हणायचा. ते सगळं मी घेतलं आणि पुढे कुणालाच दिलं नाही. शिकायला कुणी आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कुणाला बोलावलं नाही.

तेव्हा ये. भाचीच्या हट्टापुढे मामाचं कधी काय चाललंय?

मामा


१८ जानेवारी

प्रिय मामा,

शहाणा आहेस. शनिवारी येते, सोमवारी परत.

तुझ्या सातवीचं म्हणशील, तर ज्याचं मशीन अडलंय तो तुझा दाखला मागणार नाही, त्याला मशीन चालायला हवं. आणि गिऱ्हाईक कमी व्हायची काळजी सोड. जी बाई दोन दिवसांच्या प्रवासावर राहते ती तशीही मशीन डोक्यावर घेऊन तुझ्याकडे येणार नव्हती. बघ, तुझी समजूत घालता घालता मीच हुशार झाले.

कॅमेरा भाड्याने घेतलाय, दोन मोठे दिवे आणि एक माइकही. चकाचक दिसलं नाही तर लोक घेत नाहीत म्हणे. तू फक्त दाढी कर आणि तो भोक पडलेला स्वेटर घालू नकोस.

टकळी


२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

सोमवारी परतणार होते ती चोवीस दिवसांनी घरी पोचले. आई म्हणाली, "दोन दिवसांचं काम होतं ना?"

पण ते चोवीस दिवस मला फार आवडले, मामा. पहिल्या दिवशी तू कॅमेऱ्याकडे बघून "बंधू आणि भगिनींनो" म्हणालास तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. त्या दिव्यांपुढे तुझे डोळे मिचमिचे झाले होते. पाचव्या दिवशी मात्र तू कॅमेरा साफ विसरलास आणि त्या काळ्या जुन्या मशीनला "काय गं, कुणी छळलं तुला?" म्हणून विचारलंस. तोच धडा सगळ्यात झकास झालाय. लहानपणी मी तुझ्या स्टुलाखाली बसून रिकामी रिळं रचायचे, तेव्हापासून तुला इतका वेळ काम करताना पाहिलंच नव्हतं.

रस्त्याचा गोंगाट मात्र फार आला होता. एक प्रोग्रॅम मिळाला, तो माणसाचं बोलणं तेवढं ठेवतो आणि बाकीचा कचरा गाळून टाकतो. बाराही धडे त्यातून काढले. पहिला धडा ऐकून बघितला, तू रेडिओवर बातम्या द्याव्यास इतका स्वच्छ आवाज आलाय. तू बोलायचं थांबतोस तिथे ओकंओकं वाटत होतं, म्हणून तिथे मंद बासरी लावली. तुझं बोलणं खाली अक्षरांतही टाकलंय, कारण लोक म्हणे ऑफिसात आवाज बंद करून बघतात.

तुझ्या शेजारच्या झेरॉक्सवाल्या ताईंच्या कम्प्यूटरवर सगळं पाठवलंय. माझ्या कानापेक्षा तुझा कान तयार आहे. बाराही धडे नीट ऐक आणि बिघाडांचे आवाज ओळखू येतात का ते खरंखरं सांग. तुझा होकार आला की विकायला लावते.

टकळी


२७ फेब्रुवारी

प्रिय टकळी,

दोनदा बघितले. ताईंनी चहा दिला पण खुर्ची सोडली नाही, म्हणून उभ्याने बघितले, पण बघितले.

आवाज फारच छान. एकदम स्पष्ट. सहाव्या धड्यातली ती शटलाची खर्र तर अशी आलीय की मशीन समोर ठेवलंय असं वाटावं. उस्ताद असता तर त्यानेही मान डोलावली असती. तू हुशार पोर आहेस. बेलाशक विकायला लाव.

स्वेटरचं भोक तिसऱ्या धड्यात दिसतंय. ते राहू दे.

मामा


२२ मार्च

प्रिय मामा,

कोर्स लावून तीन आठवडे झाले. मी रोज झोपून बघितलं. सहा जणांनी घेतलाय, त्यातली एक आई आहे. ती पहिल्या धड्यापुढे गेलेली नाही, "माझा भाऊ किती रुबाबदार दिसतो" म्हणून तोच परत परत बघते.

मला वाटलं होतं, जगात ज्याच्या घरी म्हणून मशीन आहे तो घेईल. कुणालाच पत्ता नाही. किंमत निम्मी केली, तरी कुत्रं फिरकलं नाही, उलट एका बाईंनी विचारलं, इतका स्वस्त आहे म्हणजे त्यात काहीतरी गोम असणार ना? त्या कोर्सवाल्याला लिहिलं, तर त्याने मला दुसरा, मोठा कोर्स घ्यायला सांगितलं. तू म्हणाला होतास तेच खरं, मामा बनले मी.

दहा एप्रिलला रजा संपते. ऑफिसात तोंड कसं दाखवू ते कळत नाही. त्याहून वाईट वाटतं ते तुझं. मोठ्या तोंडाने तुला म्हटलं होतं, तुझी विद्या राहील. पाच माणसांत कसली राहणार?

टकळी


२८ मार्च

अगं वेडाबाई,

पाच थोडे झाले? माझ्या उस्तादाला एकच मिळाला होता, आणि तोही मी.

दुकान टाकलं तेव्हा पहिलं वर्ष माझ्याकडे माशी यायची, तीही गिऱ्हाईक म्हणून नाही. मग मी शिवणक्लासच्या दारात जाऊन बसायला लागलो. क्लास सुटला की एखादं मशीन फुकट बघून द्यायचो. त्यातून एक बाई आली, तिने दुसरीला धाडलं. माल चांगला असला की लोक वास काढत येतात हे अर्धंच खरं आहे, आधी त्यांच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं. तूही उभी राहा. एखादा धडा फुकट दाखव, काही बिघडत नाही.

एक सांगायचं होतं. मी मे अखेरीला दुकान सोडतोय, घरमालकाला तसं कळवलंय. आता तुझ्या त्या धड्यांत सगळं भरून ठेवलंय, माझं काम झालं. आईला एवढ्यात बोलू नकोस, रडारड करेल.

मामा


६ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी कोर्स घेतलेल्या एका शिवणक्लासच्या बाईंचंही पत्र आलं. त्या लिहितात, "सर सांगतात, 'आता हा आवाज ऐका', आणि मग बासरी वाजते. सहाव्या धड्यात तर मशीन फिरताना दिसतं आणि बासरीशिवाय ऐकू काहीच येत नाही. आमचाच कम्प्यूटर खराब आहे का?"

मी धावत जाऊन धडे लावले. मामा, त्या प्रोग्रॅमने माणसाचं बोलणं ठेवलं आणि मशीनचे सगळे आवाज कचरा म्हणून गाळून टाकले. तुझी चिर्र, टिकटिक, खर्र, सगळं. वर मी बासरी फिरवली. पहिल्या धड्यात तू नुसता बोलतोस, तेवढाच मी कान देऊन तपासला होता, बाकीचे अकरा चकाचक करायच्या नादात ऐकलेच नाहीत. मूळ चित्रण माझ्याकडे आहे, ते पुन्हा बसवीन. पाचही जणांना माफीचं पत्र लिहिलंय, हवे असतील तर पैसे परत देते असं कळवलंय. ही चूक माझी, शंभर टक्के माझी.

पण मग मी तुझं २७ फेब्रुवारीचं पत्र काढलं. "सहाव्या धड्यातली ती शटलाची खर्र तर अशी आलीय..."

सहाव्या धड्यात खर्र नाहीच, मामा.

मी रागावलेली नाही. डावा कान किती शिल्लक आहे? खरं सांग. मी दुसऱ्या कुणाला नाही सांगणार.

तुझी भाची


१५ एप्रिल

प्रिय टकळी,

नऊ दिवस उत्तर दिलं नाही, माफ कर. पेन घेऊन बसायचो आणि उठायचो.

काहीच शिल्लक नाही. दोन वर्षं होत आली. आधी मला वाटलं मशीनच हल्ली चांगली यायला लागलीत, आवाजच करत नाहीत. मग एक दिवस ताईंचं यंत्र दणादणा चालू होतं आणि मला फक्त कागद बाहेर येताना दिसत होते.

तू इथे होतीस तेव्हा तुझ्या ओठांकडे बघून वेळ मारून नेली. तुझे धडे मी खालची अक्षरं वाचून बघितले. तू इतकी राबली होतीस, तुला काय सांगणार? खर्र असणारच असं धरून लिहून टाकलं.

दुकान कसं चालवलं ते सांगतो. डावा तळवा मशीनच्या मानेवर, म्हणजे वरच्या आडव्या भागावर, ठेवतो आणि उजव्या हाताने चाक फिरवतो. आत काय अडतंय ते तळव्याला लागतं. माझी मान मात्र पूर्वीसारखी तिरकी करतो, लोकांना वाटावं की ऐकतोय. दुरुस्त होतं मशीन, पण ही लबाडी आहे. उस्तादाच्या भाषेत मी हमाल झालो. रोज सकाळी दुकान उघडताना वाटतं, आज कुणीतरी पकडणार. त्या धड्यांतही मी तेच सोंग केलंय.

याहून एक वाईट आहे. गेल्या महिन्यात एक ओळखीच्या बाई आल्या आणि बराच वेळ काही सांगत होत्या. मला वाटलं, मशीन कधी देणार म्हणून विचारताहेत. मी नेहमीसारखं "हं, हं, बरं, मंगळवारी या" म्हणालो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. नंतर ताईंनी कागदावर लिहून सांगितलं, त्यांचा नवरा गेला होता. त्या रात्री ठरवलं, पुरे आता. म्हणून दुकान सोडतोय. विद्या राहील म्हणालीस म्हणून जिवाला बरं वाटलं होतं, पण त्यातही मी खोटाच बसलोय. लोकांचे पैसे परत दे.

तुला फसवलं याचं सगळ्यात वाईट वाटतं.

मामा


२३ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून मी खूप रडले, मग तुझा राग आला, मग परत रडले. दोन वर्षं एकटाच तोंड दाबून बसलास, आणि आम्ही फोनवरून ओरडत होतो. मी ऑफिसात परत रुजू झाले. कुणी काही विचारलं नाही, सगळे आपापल्या रजेच्या गडबडीत आहेत. कोर्सचं काम आता रविवारी करते.

पाचांपैकी चौघांनी लिहिलं, पैसे नकोत, आवाज पाठवा. पाचव्याचं पत्र सोबत जोडलंय, पण तू ते हरवशील म्हणून इथेही उतरवते. तो एक शिंपी आहे.

"तुमचं माफीचं पत्र मिळालं. आवाज राहून गेला म्हणता, तो कसला ते कळलं नाही. मला जन्मापासून ऐकू येत नाही. धड्याखाली अक्षरं आहेत असं वाचलं म्हणून मी कोर्स घेतला. तुमचे मामा बोलायचं थांबले की डावा तळवा मशीनच्या मानेवर ठेवतात. बोटं सैल असतात, दाबत नाहीत. मीही तसाच ठेवला. आधी काही कळलं नाही. आठ दिवस माझी तिन्ही मशीन तशी चालवून बघितली, तेव्हा फरक लागायला लागला. सहाव्या धड्यात त्यांचा हात जिथे दचकतो तिथे माझाही दचकला. शटल उघडलं तर दोरा गुंतलेला. हे मशीन दोन दुरुस्तीवाल्यांनी टाकून द्या म्हणून सांगितलं होतं. आता त्यावर शाळेचे गणवेश शिवतोय. इतकी वर्षं मला सगळे सांगत आले की हे कानाचं काम आहे, तुला जमणार नाही. पैसे परत पाठवू नका. मामांना एवढंच विचारा, दहाव्या धड्यात त्यांनी हात मानेवरून काढून खाली मेजाला का लावला?"

मामा, मी सगळे धडे परत बघितले, फक्त तुझा हात. तू लबाडी करत नाहीस. तू शिकवतोयस, आणि उस्तादाने तुला जे शिकवलं नव्हतं ते शिकवतोयस. उस्ताद थोर असेल, पण या बाबतीत तो चुकला.

त्याला काय उत्तर देऊ?

तुझी टकळी


३ मे

प्रिय टकळी,

तू काही उत्तर देऊ नकोस. मी परस्पर दिलं, चार पानी. दहाव्या धड्यात मशीनचा पट्टा सैल आहे. पट्टा सैल असला की मान गप्प असते आणि मेज थरथरतं, म्हणून हात खाली. पस्तीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. लिहिताना पहिल्यांदा कळलं की मला बरंच येतं.

त्याने उलट टपाली आणखी सहा प्रश्न धाडलेत. त्यातल्या दोहोंचं उत्तर मला येत नाही. तो जूनमध्ये आठ दिवस येतोय, तेव्हा दोघं मिळून शोधू. म्हणजे जूनमध्ये दुकान हवं, म्हणून घरमालकाकडे जाऊन शब्द मागे घेतला. तो बराच वेळ काहीतरी बोलत होता. मी म्हटलं, "मला ऐकू येत नाही, लिहून दे." आयुष्यात हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून काढलं. मग नवरा गेलेल्या त्या बाईंकडेही जाऊन आलो आणि त्यांच्यासमोर तेच म्हटलं. त्या माझा हात धरून बसल्या. त्याने बरं वाटलं.

तू तुझे आवाज बसव, ज्यांना कान आहेत त्यांना ते हवेतच. पण जूनमध्ये रजा काढ आणि कॅमेरा आण. हाताचे धडे वेगळे करायचे आहेत. दिवे आणू नकोस. आईला मी स्वतः पत्र लिहिलंय, तिला रडून घेऊ दे.

ताईंनी काल मोठ्या अक्षरांत पाटी छापून दिली. ती दुकानाच्या दारावर डोळ्यांच्या उंचीवर लावली: "मला ऐकू येत नाही. ओरडू नका. मशीन दाखवा, बाकीचं लिहून द्या." आज सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, पाटीपुढे थांबलं आणि ती पाटी त्याने मला अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचून दाखवली, असं ताईंनी लिहून कळवलं. मी इतका हसलो की त्या भल्या माणसालाही हसावं लागलं. मग त्याने मशीन पुढे केलं, आणि मी मान सरळ ठेवून, सगळ्यांदेखत, हात लावला.

तुझा मामा